महेश्वरी टिकली कशी? हातमागाच्या बाजाराचा हिशेब

नर्मदेच्या उत्तर काठावरील महेश्वर या गावाचे नाव मराठी माणसाला अहिल्याबाई होळकरांमुळे ठाऊक असते आणि मराठी स्त्रीला साडीमुळे. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. १७६७ च्या सुमारास अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला आणली आणि सुरत, बऱ्हाणपूर आदी ठिकाणांहून विणकर बोलावून वसवले, अशी तेथील परंपरा सांगते. पाहुण्यांना देण्याच्या साड्या व पागोटी हा त्या वेळचा मुख्य माल. गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे दरबार! १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला गेली, पुढे १९४८ मध्ये संस्थानच विलीन झाले आणि या धंद्याचा आधार निघून गेला. १९७० च्या दशकात महेश्वरमध्ये मोजकेच माग उरले होते.

आज ‘शाश्वत फॅशन’ हा शब्द जगभर चलनात आहे. कमी पाणी, कमी वीज, टिकाऊ कापड आणि कारागिराला रास्त मोबदला हे त्याचे निकष. हातमाग यातील अनेक निकषांवर सहज उतरतो. माग चालवायला वीज लागत नाही. पण निकषांवर उतरणे निराळे आणि बाजारात टिकणे निराळे. साध्या काठाची महेश्वरी साडी विणायला तीन-चार दिवस लागतात, नक्षी वाढली की दिवस वाढतात. यंत्रमागावर तशाच दिसणाऱ्या साड्या एका दिवसात अनेक निघतात. हा फरक कोणत्याही अनुदानाने भरून निघण्यासारखा नाही. म्हणूनच महेश्वरची कहाणी या विषयात अभ्यासण्याजोगी ठरते.

‘रेहवा’चा प्रयोग

रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनी १९७८ मध्ये ‘रेहवा सोसायटी’ ही संस्था सुरू केली. रेवा हे नर्मदेचे दुसरे नाव. संस्थेचे नाव त्यावरूनच आले. सुरुवात मोजक्या मागांवर आणि प्रामुख्याने स्त्रियांना विणकाम शिकवण्यापासून झाली. तोवर घरातली बाई कांड्या भरण्यासारखी पूरक कामे करी, तिचे श्रम हिशेबात धरले जात नसत. ती स्वतः मागावर बसल्याने घरात दुसरी मजुरी आली आणि ती तिच्या हातात आली. नफ्यातून विणकरांच्या मुलांसाठी शाळा व घरे यांकडे संस्थेने लक्ष दिले.

मात्र केवळ सद्हेतूवर साड्या खपत नाहीत. महेश्वरीचे बळ तिच्या रचनेत होते. पूर्वीची साडी निव्वळ सुती असे. पुढे ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा अशी वीण रूढ झाली. त्यामुळे कापड हलके, झुळझुळीत झाले, रेशमाची चमक आली आणि किंमत अस्सल रेशमी साडीच्या खूप खाली राहिली. नोकरीला जाणाऱ्या स्त्रीला रोज नेसता येईल आणि समारंभालाही चालेल, अशी ही मधली जागा होती. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून साडी उलटसुलट नेसता येते. चटई, वीट, चमेलीचे फूल, हिरा, लहरिया या काठांवरच्या नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या व घाटाच्या दगडी कोरीवकामावरून घेतल्याचे सांगितले जाते. पदरावरचे पट्टे ही तिची खूण. नवी नक्षी उसनी आणण्याऐवजी आहे तीच नक्षी नव्या रंगांत मांडणे आणि साडीबरोबर ओढणी, स्टोल, कापडाचे तागे विणणे, हा मार्ग येथे निवडला गेला. साडी नेसणे शहरांत कमी होत गेले तेव्हा ओढणीने अनेक माग चालू ठेवले, असे म्हणावे लागेल.

२००३ मध्ये सॅली होळकर यांनीच ‘विमेनवीव्ह’ ही दुसरी संस्था स्थापन केली. तिच्या ‘गुडीमुडी’ प्रकल्पात अंबर चरख्यावर सूत काढून खादी विणली जाते. गुडीमुडी म्हणजे चुरगळलेले. ज्याला इस्त्री लागत नाही असा स्कार्फ, हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणून विकले गेले. दोषाचा गुण करण्याची ही हुशारी दाद देण्याजोगी आहे.

नकलेचा प्रश्न

हातमागाची खरी लढाई परदेशी ब्रँडशी नसून नकलेशी आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने २२ प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. यंत्रमागवाल्यांनी त्याला आव्हान दिले, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये कायदा उचलून धरला, पण पुढे ही यादी ११ प्रकारांवर आली. जे आरक्षण आहे त्याची तपासणी करणारे हात तोकडे पडतात. भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी महेश्वरीलाही मिळाली आहे, पैठणीलाही. त्याने नाव सुरक्षित होते. परंतु दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक हाताने ओळखता आला नाही, तर नोंदणी कागदावरच राहते. २००६ चे ‘हँडलूम मार्क’ आणि २०१५ चा ‘इंडिया हँडलूम ब्रँड’ हे शिक्के याच साठी आहेत. त्यांची माहिती ग्राहकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

दुसरा अडसर खेळत्या भांडवलाचा. रेशीम व सूत बाहेरून येते, त्याचे पैसे आधी मोजावे लागतात. माल विकून पैसे हाती यायला महिने जातात. स्वतंत्र विणकराला हे पेलत नाही. तो सूत देणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि नगावर मजुरी करतो. रेशमाचे भाव चढले की साडीची किंमत वाढवण्यापेक्षा मजुरी दाबणे व्यापाऱ्याला सोपे जाते. असे कापड पर्यावरणाला कितीही अनुकूल असले तरी त्याला शाश्वत म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेने देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले. त्याआधीच्या, २००९-१० च्या गणनेत ते ४३ लाखांवर होते. निम्म्याहून अधिक कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा कमी असल्याचे त्याच गणनेतून दिसले. अशा घरातला मुलगा मागावर का बसेल?

धोरणांची साथही सरळ नाही. ७ ऑगस्ट हा दिवस २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. १९०५ च्या स्वदेशी चळवळीची ती आठवण. २०२० मध्ये मात्र हा दिवस अवघ्या काही दिवसांवर असताना अखिल भारतीय हातमाग मंडळच रद्द झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के, तर त्यापुढील कपड्यांवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. साडी न शिवलेले कापड असल्याने ५ टक्क्यांतच राहते. त्याच कापडाचा महागडा कुर्ता शिवला की तो वरच्या टप्प्यात जातो. मूल्यवर्धन करा, असे सांगणाऱ्यांनी याचाही विचार करायला हवा.

निर्यातीची वाट मोठी असली तरी कागदपत्रांची आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये उत्पादनांच्या पर्यावरणस्नेही रचनेविषयी नवा नियम लागू केला. न विकलेले कपडे नष्ट करण्यास मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून मनाई आणि प्रत्येक उत्पादनाचा डिजिटल दाखला, ही त्यातील ठळक कलमे. कापूस कुठला, रंग कोणता, विणले कुणी याची नोंद द्यावी लागणार. महेश्वरच्या विणकराला ही उत्तरे तोंडपाठ असतात. ती इंग्रजीत आणि संगणकावर भरून देणारी, दोन-तीनशे मागांसाठी मिळून एखादी कचेरी उभारणे हे काम सहकारी संस्थांचे आहे.