हैदराबाद संस्थानाचा विमानवारसा आणि अनुराधा रेड्डी यांचे नोंदकार्य

प्रस्तावना :

किल्ला ढासळला तरी त्याचे जोते उरते. विमानाच्या बाबतीत तसे घडत नाही. निकामी झालेले विमान भंगारात जाते, कंपनी विलीन झाली की तिचे दप्तर विखुरते आणि वैमानिकांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच संपतात. त्यामुळे हवाई वाहतुकीचा इतिहास मुख्यतः कोणीतरी वेळीच केलेल्या नोंदींवर अवलंबून असतो. हैदराबाद संस्थानापुरते हे काम आस्थेने करणाऱ्या अनुराधा रेड्डी यांच्या कार्याचे महत्त्व मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संस्थान आणि विमान :

औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्यातील जिल्हे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. या राज्याचा विमानाशी आलेला संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात निजामाने दिलेल्या निधीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाच्या तुकडीनेही तेच नाव धारण केले. संस्थानाच्या तिजोरीत मराठवाड्यातील शेतसाराही जमा होत होता, हे ध्यानात घेतल्यास या इतिहासाशी आपला संबंध किती निकटचा आहे ते कळते.

१९४५ मध्ये निजाम सरकार व टाटा यांच्या सहभागातून ‘डेक्कन एअरवेज’ स्थापन झाली. स्त्री असल्याच्या कारणावरून इतर कंपन्यांनी नाकारलेल्या प्रेम माथुर यांना याच कंपनीने वैमानिक म्हणून संधी दिली. या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १९४८ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानांनी शस्त्रे आणून ती संस्थानात उतरविली. सीमाभागातील बिदरचा धावमार्ग त्यासाठी वापरला गेला. मुक्तिसंग्रामाच्या अभ्यासकाला हा तपशील वगळून चालणार नाही.

रेड्डी यांचे कार्य :

‘इन्टॅक’ या वारसा-संवर्धन संस्थेच्या हैदराबाद येथील निमंत्रक म्हणून अनुराधा रेड्डी परिचित झाल्या. वाडे, देवड्या व जलाशय यांच्या जतनाबरोबरच त्यांनी विमानविद्येचा विषय हाती घेतला आणि ‘एव्हिएशन इन द हैदराबाद डोमिनियन्स’ हा ग्रंथ लिहिला. वारसा म्हणजे केवळ दगडी वास्तू, या रूढ समजुतीपलीकडे त्यांचे कार्य जाते. धावपट्टी, उड्डाण-क्लब आणि यंत्रे हीदेखील समाजाच्या स्मृतीची साधने आहेत, असा व्यापक विचार त्यामागे दिसतो. बेगमपेठ विमानतळावरील नियमित प्रवासी सेवा मार्च २००८ मध्ये शमशाबादला हलविण्यात आली. स्थळाचा उपयोग बदलला की त्याची स्मृतीही झपाट्याने पुसट होते. अशा वेळी आधीच झालेले लेखन मोलाचे ठरते.

नोंदीअभावी होणारी हानी :

मुंबईची उदाहरणे या संदर्भात उद्बोधक आहेत. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविल्याचे वारंवार सांगितले जाते. परंतु त्यासाठी निर्विवाद समकालीन पुरावा उपलब्ध नाही. परिणामी एका जिज्ञासू माणसाचे खरे प्रयत्नही दंतकथेत हरवले. पहिल्या भारतीय महिला वैमानिक म्हणून सामान्यतः सरला ठकराल यांचे नाव घेतले जाते. त्यांना परवाना १९३६ मध्ये मिळाला. १९३२ मध्ये परवाना मिळविणाऱ्या उर्मिला पारीख मात्र विस्मृतीत गेल्या. याउलट १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ही घटना सर्वांना ठाऊक आहे. कारण तिच्यामागे कागदपत्रे जपणारी संस्था उभी होती. १९५३ मध्ये आठ खाजगी कंपन्यांचे ‘इंडियन एअरलाइन्स’मध्ये विलीनीकरण झाले. त्यांत ‘डेक्कन एअरवेज’प्रमाणेच मुंबईची ‘एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया’ही होती. हैदराबादच्या कंपनीच्या राज्यातील विमानविद्येचा इतिहास ग्रंथबद्ध झाला. मुंबईच्या या कंपनीचे नाव आज किती जणांना आठवते?

समारोप :

रेड्डी यांचे कार्य विद्यापीठीय चौकटीबाहेर घडले, ही बाब आपणा अध्यापकांना अंतर्मुख करणारी आहे. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात मुक्तिसंग्रामाला उचित स्थान मिळाले. संस्थानातील यंत्र, दळणवळण व तंत्रज्ञान यांचा शोध मात्र मराठीत अद्याप पुरेसा झालेला नाही. मीरा-भाईंदरसारख्या शहरातील महाविद्यालयांनाही येथे वाव आहे. जुहू व सांताक्रूझ येथे काम करून निवृत्त झालेले यांत्रिक, हमाल, हवाईसेविका व कारकून पश्चिम उपनगरांत राहतात. त्यांच्या मुलाखती, वेतनपत्रके आणि छायाचित्रे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून संकलित करता येतील. हे काम लांबणीवर टाकता येणारे नाही, कारण येथील साधने म्हणजे हयात माणसे आहेत. एका स्त्रीने चिकाटीने एका संस्थानाची आकाशस्मृती कागदावर आणली. तिचे उचित स्मरण म्हणजे आपापल्या परिसरात तशीच नोंदवही उघडणे होय.