नियामक टी कोशिका

नियामक टी कोशिका : शरीराच्या स्वतःच्याच ऊतकांवर होणारा प्रतिरक्षेचा हल्ला थोपवून धरणाऱ्या लसीका कोशिका. त्यांच्या शोधाचे दोन मार्ग होते : एक थायमस (यौवनलोपी) ग्रंथीवरील प्रयोगांचा, दुसरा अर्भकावस्थेत नरांचा बळी घेणाऱ्या आनुवंशिक विकाराचा. हे मार्ग एकत्र येण्यास अर्धशतक लागले.

१९४९ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत खवलेदार त्वचेची नर उंदरांची पिले जन्मली. त्यांची प्लीहा व लसीका ग्रंथी सुजत आणि ती काही आठवड्यांतच मरत. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने माद्या केवळ वाहक राहत. या वाणास ‘स्कर्फी’ हे नाव मिळाले. प्रयोगशाळेत प्रारणाच्या परिणामांचा अभ्यास चाले. हे उत्परिवर्तन मात्र आपोआप घडलेले होते.

१९६९ मध्ये निशिझुका व साकाकुरा या जपानी संशोधकांना, जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढल्यास उंदराच्या मादीचे अंडाशय नष्ट होतात, असे आढळले. ग्रंथी काढल्यावर प्रतिरक्षा दुबळी व्हावी. येथे ती अनावर झाली होती. याच सुमारास अमेरिकेत गेर्शन यांनी ‘दमनकारी’ टी कोशिकांची कल्पना मांडली. तीवर विपुल संशोधन झाले. परंतु या कोशिकांची खूण मानलेला ‘आय-जे’ जीन १९८३ मध्ये अपेक्षित जागी सापडला नाही आणि विषयच अप्रतिष्ठित झाला. मूळ कल्पना चुकीची नव्हती, पुरावा कच्चा होता. तथापि तिच्याबरोबर थायमसवरील प्रयोगांचेही महत्त्व झाकोळले. शिमोन साकागुची यांनी मात्र ते प्रयोग सोडले नाहीत. सीडी २५ हे प्रथिन पृष्ठभागी असलेल्या टी कोशिका वगळून उरलेल्या कोशिका थायमसहीन उंदरांना दिल्यास अनेक अवयवांत आत्मप्रतिरक्षाजन्य रोग होतात व वगळलेल्या कोशिका वेळीच दिल्यास ते टळतात, असे त्यांनी १९९५ मध्ये दाखविले.

मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, असाध्य अतिसार व इसब होऊन बहुधा मृत्यू ओढवणाऱ्या एक्स-संलग्न विकाराचे एका कुटुंबातील वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनी स्कर्फी उंदरातील सदोष जीन शोधताना वीस संभाव्य जीन तपासले. दोष शेवटच्यात निघाला. ‘फॉक्सपी ३’ असे नाव मिळालेल्या या जीनाचाच मानवी प्रतिरूप या मुलांत बिघडलेला असतो, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. विकारास ‘आयपेक्स’ म्हणतात. २००३ मध्ये हाच जीन नियामक कोशिकांची घडण ठरवितो, असे दिसून आले. ब्रन्को, रॅम्सडेल व साकागुची यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आयपेक्समध्ये प्रतिरक्षा दडपणारी औषधे रोग काही काळ आटोक्यात ठेवतात. योग्य दात्याच्या मूल कोशिकांचे प्रतिरोपण यशस्वी झाल्यास नियामक कोशिका नव्याने निर्माण होतात. मात्र तत्पूर्वी नष्ट झालेल्या स्वादुपिंडातील कोशिका परत येत नसल्याने मधुमेह बहुधा कायम राहतो.