थळ, मिरास आणि उपरी

जमीन कोणाची, हे आज आपण तलाठ्याच्या दप्तराला विचारतो. पेशवाईच्या अखेरीपर्यंत देशावरचा कुणबी ते गावाला विचारीत असे, आणि गाव माणसाकडे बोट दाखवून एका शब्दात उत्तर देई : हा मिरासदार, तो उपरी. मिरासदार, ज्याला कित्येक ठिकाणी थळकरी म्हणत, तो आपले थळ वंशपरंपरेने वाही. धारा भरीत राहिला की त्याला त्या जमिनीवरून उठविण्याचा अधिकार कोणालाच नसे. उपरी हा बहुधा परगावाहून आलेला, थोड्या मुदतीच्या उक्त्याने किंवा इस्ताव्याच्या कौलाने, म्हणजे दरसाल चढत जाणाऱ्या धाऱ्याने, जमीन कसणारा. त्याचा संबंध कौलाबरोबर संपे. दुष्काळाने किंवा धामधुमीने परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी परतला, तरी त्याचा हक्क गाव मान्य करी, ही गोष्ट १८१९ च्या आपल्या अहवालात ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने मुद्दाम नमूद केली आहे. एखादे घराणे अगदी निर्वंश झाले तर त्याची जमीन गतकुळी म्हणून दप्तरात चढे, पण थळाला नाव त्या घराण्याचेच राही.

अशी गतकुळी जमीन कोणाला मिराशीने द्यावयाची झाली, म्हणजे समस्त गाव साक्षीला बसे. जुनी मिरासपत्रे पाहावीत : मजकूर कुलकर्ण्याच्या हातचा, चतुःसीमा बारकाईने सांगितलेल्या, आणि खाली साक्षीदारांची ओळ, तीत पाटलाच्या नावापाशी नांगराची निशाणी आणि सुताराच्या नावापाशी किंकऱ्याची. अक्षरशत्रू माणसांनी आपापल्या हत्याराच्या आकृतीने दिलेली ही ग्वाही मला कोणत्याही सरकारी मोहरेहून अधिक भारदस्त वाटते, कारण तिच्यामागे शेजाऱ्यांची स्मृती उभी असे. या हक्काला ओझेही होते : जथ्यातील, म्हणजे एकाच मूळ घराण्यातील, एकाची बाकी थकली तर भाऊबंदांच्या गळ्यात पडे.

१८३५-३६ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांची मोजणी सुरू झाली, पुढे धारा तीस वर्षांसाठी कायम झाला आणि प्रत्येक शेताला नंबर मिळाला. उपऱ्याला खातेदार होता आले, हा त्या व्यवस्थेतील निर्विवाद न्याय होय. परंतु धारा भरील त्याचे खाते, आणि खाते ज्याचे त्याला ते विकण्याची मोकळीक, असे ठरताच गावाची साक्ष निरुपयोगी झाली व सावकाराला कर्जाच्या तारणासाठी उत्तम वस्तू सापडली. दिवाणी अदालतीचे हुकूमनामे घेऊन सावकार शेतांवर चढू लागले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा तिचा मुख्य रोख धान्यावर किंवा दागिन्यांवर नव्हता, तर कर्जरोख्यांवर होता. पुढे दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले, चौकशीसाठी कमिशन बसले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला.