पडेल ते काम

टपालाची गाडी दाराशी लागली की थैल्या उतरवायच्या कोणी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पत्रांची वर्गवारी सॉर्टर करतो, थैल्या मेलमन उचलतो. पण मेलमन कमी पडले तर ओझ्याला हात कोणी लावायचा? चालकाने, सॉर्टरने, की रोजंदारीवर बोलावलेल्या माणसाने? हा तंटा लवादापुढे सहजी जातही नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 1966 साली संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली, तेव्हा सक्तीच्या लवादासाठी तीनच विषय ठेवले गेले: वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा. ओझे कोणाच्या डोक्यावर द्यायचे हा विषय त्यात आला नाही.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. गावगाड्यात सरकारी टपाल पोचवणारा, अंमलदाराचे सामान वाहणारा महारच होता. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण ही गावेही त्याच गावगाड्यातली. वतनी चाकरीला घड्याळ नव्हते, कामाची यादी नव्हती. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी निघावे लागे. 1874 चा वतन कायदा बदलण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. तो प्रश्न केवळ मोबदल्याचा नव्हता. काम कोणते, किती आणि कोणाचे, हे ठरलेले नसणे हेच त्या गुलामीचे मूळ होते. महारवतने कायद्याने संपायला 1958 साल उजाडावे लागले.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी दाखवून दिले की आपला माणूस गँगमन म्हणूनच झिजतो, पोर्टरची जागाही त्याला क्वचितच मिळते. कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करावे लागे, आणि त्या घरात अस्पृश्याचा हात चालत नसे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वतनात ठरवून न दिलेले काम आपल्या माथी आले. रेल्वेत तशाच न ठरलेल्या कामापायी नोकरीच नाकारली गेली. कामाची सीमा पुसट ठेवली की दोन्हीकडून मार दलितालाच बसतो.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि खेड्यांची कारखाननगरी झाली. आतल्या यंत्रावरचा कामगार संघटित झाला. फाटकावरच्या ट्रकला पाठ देणारा मात्र मुकादमाच्या हाती राहिला. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ओझे वाहणारे संघटित झाले आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. माल चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, तोलणे ही कामे प्रथमच कायद्याच्या अनुसूचीत शब्दांनी लिहिली गेली. मालकाने मजुरी व वर लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. योजना कोणत्या कामगारवर्गाला लागू आहे असा वाद निघाल्यास सल्लागार समितीचे मत घेऊन शासनाने निवाडा करायचा. ‘असंरक्षित’ कोण, या एका शब्दावर पुढे उच्च न्यायालयापर्यंत झगडे झाले. हजेरीपटावरच्या कामगाराने गाडी उतरवायची की नोंदीत माथाड्याने, हाच त्यांचा गाभा.

चाकणच्या पट्ट्यात माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले आहेत. हे लपवण्याचे कारण नाही. त्यांनी खऱ्या माथाड्याचीच भाकरी हिरावली. पण तेवढ्यासाठी कायदाच अडगळीत टाका म्हणणाऱ्यांना कंत्राटदाराचा ‘हेल्पर’ हवा असतो. ज्याच्या कामाची यादी नाही, जो यंत्रही पुसतो, गाडीही उतरवतो, तो हेल्पर. वतनातला ‘पडेल ते काम’ हा हुकूम त्याच्या नेमणूकपत्रात ‘वरिष्ठ सांगतील ते इतर काम’ होऊन येतो.

ओझे उचलण्यात कमीपणा नाही. ते कोणी, किती किलो, किती माणसांनी आणि कोणत्या दराने उचलायचे हे लिहून ठेवले पाहिजे, आणि लिहिणाऱ्यांच्या बैठकीत उचलणारा बसलेला असला पाहिजे. माथाडी मंडळांच्या रचनेत मालकांइतक्याच जागा कामगारांना आहेत. त्या जागांवर आपली माणसे किती आहेत, हा प्रश्न चळवळीने आता स्वतःला विचारला पाहिजे.