भटक्या वीरांचा न्याय

कोणत्याही राजाच्या वा सरदाराच्या चाकरीत नसलेला एक योद्धा गावोगाव फिरतो. वाटेत अन्याय दिसला की तो थांबतो, त्याचे निवारण करतो आणि पुढे निघून जातो. अशा भटक्या वीरांच्या कथा चीन, युरोप आणि जपान येथील साहित्यात विपुल आढळतात. त्यांची शस्त्रे आणि श्रद्धा वेगवेगळ्या असल्या तरी कथांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. कायद्याचा हात दुर्बलांपर्यंत पोहोचत नसेल, तर एखाद्या सशस्त्र वाटसरूने न्याय करावा काय?

यातील सर्वांत जुना वाद चीनमधील आहे. तेथे अशा वीरांना ‘योउ-शिया’ म्हणत. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील विचारवंत हान फेई याने तलवार बाळगणाऱ्या या मंडळींची गणना राज्य पोखरणाऱ्या किडींमध्ये केली. सुमारे दीडशे वर्षांनी इतिहासकार सिमा छ्येन याने मात्र ‘शिजी’ या ग्रंथात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. हे लोक कायदा मोडतात हे त्याने मान्य केले. पण ते दिलेला शब्द पाळतात, संकटग्रस्तांसाठी जीव धोक्यात घालतात आणि केलेल्या उपकाराची वाच्यता करीत नाहीत, असेही नोंदविले. या सहानुभूतीमागे स्वानुभव असावा. पराभूत सेनानी ली लिंग याची बाजू घेतल्याबद्दल सम्राट वू याने सिमा छ्येनला अंगच्छेदाची शिक्षा दिली होती. दंड भरून सुटण्याइतके धन आपल्यापाशी नव्हते आणि एकही मित्र मदतीस आला नाही, असे त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे.

ही परंपरा विसाव्या शतकापर्यंत टिकली. हाँगकाँगचे लेखक जिन योंग (१९२४-२०१८) यांच्या वीरकथा १९५५ पासून दैनिकांतून क्रमशः प्रसिद्ध होत गेल्या आणि जगभरातील चिनी वाचकांपर्यंत पोहोचल्या.

युरोपातील भटक्या ‘नाइट’चा साहित्यिक जन्म बाराव्या शतकात फ्रेंच कवी क्रेत्यँ द त्र्वा याच्या काव्यांतून झाला. त्या काळी अनेक घराण्यांत जहागीर थोरल्या मुलाकडे जाई. धाकटे मुलगे शस्त्रस्पर्धांतून बक्षिसे मिळवीत आणि आश्रयदात्याच्या शोधात हिंडत. विल्यम मार्शल हा असाच एक धाकटा मुलगा. तो पुढे १२१६ मध्ये इंग्लंडच्या बालराजाचा कारभारी झाला. या पोटापाण्याच्या भटकंतीला कवींनी व्रताचे रूप दिले. क्रेत्यँचा नायक ईव्हेन एका गढीत तुटपुंज्या मजुरीवर रेशीम विणणाऱ्या तीनशे तरुणींची सुटका करतो. राक्षसवधाच्या कथेत मजुरीचा हिशेब यावा, हे लक्षणीय आहे.

जपानमध्ये धनी नसलेल्या सामुराईला ‘रोनिन’ म्हणत. या शब्दाचा अर्थ लाटांवर वाहवत जाणारा माणूस असा सांगितला जातो. १६०० मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर पराभूत सरदारांच्या जहागिऱ्या जप्त झाल्या आणि असंख्य सामुराई निराधार झाले. १६५१ मध्ये काही रोनिनांचा बंडाचा कट उघडकीस आला. त्यानंतर शोगुनच्या राजवटीने सरदारांसाठी दत्तकविधानाचे नियम सैल केले, जेणेकरून वारसाअभावी घराणी बुडून आणखी रोनिन निर्माण होऊ नयेत. राजवटीला जो माणूस धोका वाटला, तोच पुढे लोकप्रिय नायक झाला. तलवारबाज मियामोतो मुसाशी याच्यावरील एइजी योशिकावा यांची कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात ‘आसाही शिंबुन’ या दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली.

वीर पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय होते, हे मात्र या कथा क्वचितच सांगतात. ते सांगितले स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस याने. तो स्वतः सैनिक होता. १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला होता. त्याच्या ‘डॉन क्विक्झोट’ या कादंबरीच्या १६०५ मधील पहिल्या भागात आंद्रेस नावाचा मेंढपाळ मुलगा आहे. त्याचा धनी त्याला झाडाला बांधून पट्ट्याने मारीत असतो. डॉन क्विक्झोट त्याला सोडवितो, थकलेली मजुरी देण्याची धन्याकडून शपथ घेतो आणि समाधानाने पुढे जातो. तो दिसेनासा होताच धनी मुलाला पुन्हा बांधतो आणि पहिल्यापेक्षा अधिक मारतो. पुढे पुन्हा भेट झाल्यावर आंद्रेस विनवितो, की यापुढे माझे तुकडे होताना दिसले तरी कृपा करून मदतीस येऊ नका.

हान फेईला या वीरांच्या तलवारीची भीती वाटली, सिमा छ्येनला त्यांच्या निष्ठेचे मोल कळले. सर्व्हान्तेसने आंद्रेसची बाजू मांडली. एका दिवसाच्या पराक्रमाने मुलाची मजुरी वसूल होत नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशीही तेथे कोणीतरी असावे लागते.