काट्याजवळचा माणूस

कामगार संघटनेचं मूळ आपण संपात शोधतो. इंग्लंडच्या उत्तरेतल्या डरहॅम-नॉर्थम्बरलँडच्या कोळसा खाणींपुरतं तरी मला ते पटत नाही. तिथली संघटना टिकली ती वजनकाट्यापाशी. उसाची काटामारी ठाऊक असलेल्याला हे लवकर उमगेल. कोळसा फोडणाऱ्याची मजुरी वजनावर ठरे. अंधारात डबा भरायचा, त्याला आपल्या नंबरचा बिल्ला अडकवायचा आणि तो वर धाडायचा. वर काटा मालकाचा, काट्यावरचा माणूसही मालकाचा. वजन कमी भरलं किंवा ठरल्यापेक्षा जास्त दगड निघाले, की अख्ख्या डब्याची मजुरी बुडे. त्यातला कोळसा मात्र मालकाचाच राही. हा निवाडा होताना डबा भरणारा जमिनीखाली असे. त्याने भांडायचं तरी कशाच्या जोरावर? १८६० च्या कायद्याने खाणकामगारांना पदरच्या खर्चाने आपला माणूस काट्यापाशी उभा करण्याचा हक्क दिला. हाच चेकवेमन.

कुणी म्हणेल, संघटना तर त्याआधीच होत्या. होत्याच. थॉमस हेपबर्नने १८३१ मध्ये बांधलेली संघटना पुढच्याच वर्षी मोडली गेली, आणि १८४४ च्या मोठ्या संपात मालकांनी बायकापोरांसकट कुटुंबं खाणीच्या घरांतून बाहेर काढली. त्या माणसांची हिंमत कमी नव्हती. पण संप मोडल्यावर, रोजच्या कामाच्या जागी, मालकाच्या पगारावर नसलेलं कुणी उरत नसे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: १८६० चा कायदा लंगडा होता. चेकवेमन त्याच खाणीतला कामगार असायला हवा अशी अट होती, म्हणजे त्याला कामावरून काढलं की काटा पुन्हा मालकाचा. ही पळवाट बुजायला १८८७ उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने ती अट गेली, आणि बहुमताने मतदान करून नेमलेल्या चेकवेमनच्या पगाराचा वाटा वजनावर मजुरी घेणाऱ्या प्रत्येकाकडून वसूल करता येऊ लागला. मतदान, वर्गणी, हिशेब ठेवणारा पगारी माणूस: संघटनेला रोज लागतं ते सगळं या एका नेमणुकीत आलं. डरहॅमची संघटना १८६९ ची, पण खाणीखाणींत तिला खंबीर माणसं मिळाली ती याच जागेवरून. दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला पीटर ली त्यांतलाच. व्हीटली हिलला तो चेकवेमन होता. १९१९ मध्ये डरहॅम कौंटी कौन्सिलचा अध्यक्ष झाला, आणि पुढे तिथलं पीटरली हे नवं शहर त्याच्याच नावाने वसलं.