सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता
एकमेकांच्या अगदी जवळ असलेले दोन बिंदू निरनिराळे दाखविण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेस विभेदनक्षमता म्हणतात. नुसत्या विवर्धनाने ती वाढत नाही. अस्पष्ट प्रतिमा मोठी होते इतकेच.

१८७६–७८ च्या दुष्काळात अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा होरपळला आणि दख्खनमधील असंख्य भुकेली माणसे मुंबईस गेली. तेथे पुनरावर्ती ज्वराची साथ उद्भवली. ग्रे यांच्या शरीररचनाग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांना तेथील रुग्णांच्या रक्तात मळसूत्री जंतू आढळले. बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांनी ते आधीच पाहिले होते. जंतूची जाडी जेमतेम ०.२ ते ०.५ मायक्रोमीटर. ताप उतरताच ते दिसेनासे होत. तेव्हा ते रक्तात नाहीत की भिंगाच्या आवाक्याबाहेर आहेत, हे ठरविणे सोपे नव्हते.

भिंगाच्या या आवाक्याचा सिद्धांत एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडला. विवर्तनामुळे, मध्ये हवा असता, सुमारे अर्ध्या तरंगलांबीहून कमी अंतर उलगडत नाही. तरंगलांबी कमी करणे किंवा वस्तुभिंगात अधिक तिरपे किरण घेणे, हेच उपाय उरतात. आच्छादक काच व वस्तुभिंग यांमधील हवेमुळे फार तिरपे किरण भिंगात शिरत नाहीत. काचेइतकाच प्रणमनांक असलेले तेल तेथे घातल्यास शिरतात. येना येथील कार्ल झाइस यांच्या कारखान्याने १८७८ मध्ये अशी वस्तुभिंगे तयार केली. मर्यादा पुढे सुमारे ०.२ मायक्रोमीटरपर्यंत आली. कारागिराच्या हातापेक्षा गणिताने साधलेली ही सुधारणा होय.

प्रतिदीप्त रेणूंच्या साहाय्याने ही मर्यादाही ओलांडणाऱ्या पद्धतींना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुनरावर्ती ज्वराच्या निदानास मात्र रंजित रक्तपट आणि तैल-निमज्जन वस्तुभिंग अद्याप पुरते.